सहा-बाराची बस

डेपोत तिला सगळे ‘हॅन्डब्रेक’ म्हणत. पाठीमागे म्हणत, पण डेपोत पाठीमागे बोललेलं पुढे ऐकू येतंच. हे नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. ती चालवत असलेली सकाळची सहा-बाराची बस तिसऱ्या थांब्यावर उभी राहिली की तिचा हात ब्रेकवरून काही निघत नसे. समोरच्या चढावरून इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला असलेल्या मावशी धावत यायच्या. एका हाताने केस आवळत, दुसऱ्या हाताने पिशवी सावरत, “आले गं, आलेच!” त्या चढेपर्यंत बस जागची हलत नसे. कधी अर्धं मिनिट, कधी दीड. मावशी धापा टाकत म्हणायच्या, “भलं होईल हो तुझं.”

भलं कसलं होतंय! दीड मिनिट थांबलं की पुलाजवळचा सिग्नल हुके, आणि तो हुकला की पुढचे दोन हुकत. गाडीतलं यंत्र सगळं टिपत होतं. पाच महिन्यांत दोन लेटमार्क झाले. तिसरा लागला की कच्ची नोकरी तिथेच खलास. पक्की झाली तर डेपोमागच्या वसाहतीत दोन खोल्या मिळणार होत्या, आणि त्यातली एक तिने मनात वडिलांच्या नावावर करून टाकली होती. वडील शिंपी, वय सत्तर, दूर मूळ शहरातल्या घरी एकटे, त्यात डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. लग्नाचं तिचं जमलं नव्हतं, त्याची रड तिने कधी केली नाही. वडिलांच्या एकटेपणाने मात्र तिची झोप उडे.

दुसऱ्या लेटमार्कला तपासनीस साहेबांनी तिला बोलावून त्याचा कागद पुढे सरकवला. “बाई, तुमची गाडी थांब्यावर थांबते की राहायला जाते?”

“साहेब, आमच्याकडे बस माणसासाठी थांबते.”

“मग तिकडेच चालवायची होती.”

“तिकडे बायकांच्या हातात स्टिअरिंग देत नाहीत.”

साहेब हसले, पण कागद फाइलला लावलाच.

वडिलांचा डोळा दाखवायचा म्हणून ती चार दिवसांची रजा काढून घरी गेली. पहिल्याच दिवशी बाजारात जायला बापलेक निघाले. बसने वळणावर दोनदा हॉर्न दिला, म्हणजे घरातून निघा असं समजायचं. बसमध्ये चढल्यावर वडिलांच्या लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. कंडक्टर म्हणाला, “जा अण्णा, घेऊन या. गाडी काय पळून जातेय?” अण्णा सावकाश गेले, सावकाश आले. कुणी हूं की चूं केलं नाही. खिडक्यांच्या काचा खडखडत होत्या, सीटमधून काथ्या बाहेर आला होता, तरी तिला वाटलं, बस म्हणावी ती हीच. डेपोतल्या आपल्या गाड्या गुळगुळीत, पायरी नाही की धूर नाही, थांबा आला की एक बाई गोड आवाजात नाव सांगते. पण दार मिटलं की मिटलं, बाहेर सख्खा बाप उभा असला तरी.

मग मंगळवार उजाडला. डोळ्यांचे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आठवड्यातून एकदाच येणारे, दुपारी एकपर्यंत. सव्वा अकराच्या बससाठी दोघं अकरालाच थांब्यावर जाऊन उभी राहिली. सव्वा अकरा झाले, पावणेबारा झाले. वर छप्पर नाही, बसायला बाक नाही. अण्णांच्या पट्टीखालून पाणी गळायला लागलं. ते रुमालाने टिपत होते आणि “येईल गं, येईल” म्हणत होते. बस आली बारा वीसला.

“काय झालं होतं?” तिने कंडक्टरला विचारलं.

तो खुशीत होता. “काही नाही ताई! पहिल्या चौकात मास्तरांच्या आईंना चप्पल सापडेना. मग एकाची ट्रंक चढवली. आणि पुढे एक बाई म्हणाली, दोन मिनिटं, दळण घेते. आपली माणसं म्हटल्यावर थांबायला लागतं ना!”

राग धरावा तरी कुणावर? त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. दवाखान्यात पोचायला एक दहा झाले. खिडकी बंद. आतल्या नर्सने हातानेच सांगितलं, पुढच्या मंगळवारी.

अण्णा बाकावर बसले. “असू दे. माणसं आहेत, यंत्रं नाहीत.”

“अण्णा, ज्यांच्यासाठी बस थांबली ते चढले. तुम्ही तासभर उन्हात उभे होतात, ते कुणाला दिसलं?”

“मग तू तिकडे थांबतच नाहीस का कुणासाठी?”

ती मनातच म्हणाली, थांबते की! आणि तिच्या बसचा शेवटचा थांबा कुठला, तर इस्पितळाचं दार. पुलापलीकडच्या थांब्यांवर कोण उभं असतं, कुणाच्या डोळ्यातून पाणी गळतं, हे तिने आजवर कधी मनात आणलं नव्हतं. तिला मावशी दिसत होत्या, कारण मावशी धावत होत्या. उभी माणसं दिसत नाहीत.

शेजारच्या पोस्टमनने पुढच्या मंगळवारी अण्णांना स्कूटरवर न्यायचं कबूल केलं, आणि ती परतली.

पहिल्याच सकाळी सहा-बाराला तिने बटण दाबलं. दार मिटलं. मावशी चढाच्या मध्यावर होत्या. आरशात त्या लहान लहान होत गेल्या, हात वर केलेला तसाच. तरी तिचा हात ब्रेकवर गेला नाही. पुलापलीकडे काठी घेऊन उभा असलेला एक म्हातारा घड्याळ बघत चढला आणि म्हणाला, “आज सूर्य कुठून उगवला?”

दुपारी मावशी डेपोच्या फाटकात हजर. “चार दिवस कुठे मेली होतीस? आणि आलीस ती दगड होऊन? अर्ध्या दिवसाची रजा पडली माझी!”

“मावशी, घरात घड्याळ नाही?”

“घड्याळ आहे. सासूही आहे, अंथरुणाला खिळलेली. तिचं अंग पुसायचं, कूस बदलायची, तोंडात दोन घास घालायचे. घड्याळाकडे कोण बघतंय?”

तिने विचारलं, “तुमच्या घरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसतो?”

“दिसतो की.”

“सहाला मी डेपोतून रिकामी गाडी घेऊन तिथूनच वर जाते. तुमच्या खिडकीखाली दोनदा दिवे मारीन. दिवे दिसले की हातातलं टाकायचं आणि निघायचं. मी थांबणार नाही.”

“आणि अंग अर्धंच पुसून झालं असलं तर?”

“घरात नवरा आहे ना?”

“आहे.”

“त्याला हात आहेत?”

मावशींनी जरा विचार केला. “आहेत, म्हणजे आहेत.”

“मग झालं तर!”

दुसऱ्या दिवशी सहाला, अजून नीट उजाडलं नव्हतं तेव्हा, तिने खिडकीखाली दोनदा दिवे मारले. वर काही हललं नाही. बारा मिनिटं तिचा जीव टांगणीला. सहा-बाराला थांब्यावर गाडी लागली तर मावशी उभ्या होत्या, केस नीट बांधलेले, तोंड फुगलेलं. चढताना एवढंच म्हणाल्या, “उलटं पुसतो गं तो. पायाकडून डोक्याकडे.”

महिनाभराने साहेबांनी दुसरा कागद पुढे सरकवला, पक्क्या नोकरीचा. तिने फाटकातूनच अण्णांना फोन लावला. खोली कशी आहे, मशीन खिडकीशी कसं मावेल, डोळ्यांचा दवाखाना आपल्याच बसच्या शेवटच्या थांब्यावर कसा आहे, सगळं एका दमात सांगून टाकलं.

“ते ठीक आहे,” अण्णा म्हणाले, “पण तुझी बस थांबत नाही म्हणतेस. मी म्हातारा ती पकडू कशी?”

“खिडकीत बसायचं. मी दिवे दाखवीन.”

अण्णा म्हणाले, “दोनदाच दाखव हं. जास्त दाखवलेस तर सगळी वसाहत पिशव्या घेऊन खाली येईल.”