तिसरा आणि चौथा गाईड

शनिवारी दुपारी पेणहून रोह्याला निघालो. स्कूटरला एक पीव्हीसी पाईप बांधलेला, आणि त्यात मी पहिल्यांदाच दुसऱ्या कोणासाठी दुरुस्त केलेला फिशिंग रॉड. रामवाडीतून बाहेर पडायच्या आत दोनदा थांबून झाकण उघडून बघितलं... रॉड जागेवरच होता.

जीवाला चैन नव्हतं, कारण त्या रॉडमध्ये एक चूक होती. आणि ती फक्त मला माहीत होती.

थोडं सांगतो. रॉडवर ज्या रिंगांमधून लाईन जाते ना, त्यांना गाईड म्हणतात. गाईडचा पाय रॉडवर टेकवायचा, त्यावर बारीक दोरा गच्च गुंडाळायचा आणि वरून ईपॉक्सी लावायचं, ते सुकून काचेसारखं कडक होतं. टोकाकडचे गाईड तर एवढे लहान की पाय म्हणजे तांदळाची कणी. बोटांत धरला की दिसत नाही, सोडला की सरकतो.

नितीनदादा म्हणजे माझ्या मित्राचा मोठा भाऊ. राहतो रोह्यात, धाटावला एका कंपनीत पाईप फिटर आहे. त्याच्या रॉडचे टोकाकडचे सात गाईड गंजले होते, लाईन कापायला लागले होते. इन्स्टावर मी स्वतःच्या रॉडवर केलेलं काम बघून त्याने त्याचा एकुलता एक रॉड मला आणून दिला.

"रविवारी ऑफ हाय. लय दिवसांनी खाडीवर मासे गरवायला जाणार. तेवढ्यात करून दे बस."

मी हो म्हणून मोकळा. नेहमीप्रमाणे.

आधी चिकटपट्टीने गाईड धरून बघितले. पण पट्टीच अर्धा पाय झाकते, मग दोरा चढवायचा कुठे... तासभर हेच चाललं होतं. शेवटी वैतागून प्रत्येक पायाखाली इन्स्टंट ग्लूचा थेंब टाकला. एकही हलेना. एकदम खूश झालो मी. दोरा गुंडाळला, ईपॉक्सी लावलं, ओघळू नये म्हणून रॉड मोटरवर फिरत ठेवला.

शुक्रवारी सकाळी मागून डोळा लावून पाहिलं. सातही रिंगा एका ओळीत दिसायला हव्यात. टोकापासून तिसरा आणि चौथा डावीकडे झुकलेले. थोडेसेच... पण झुकलेले.

डोलवीला कामावर दिवसभर माझं बूड खुर्चीला टेकलं नाही. कोण बघतंय एवढं बारीक? मासा काय डोळा लावून बघणार आहे का? हे मी स्वतःला किमान वीस वेळा सांगितलं असेल.

रोह्यात दादा फर्स्ट शिफ्ट करून घरी आला होता. रॉड हातात घेतला, हिरव्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. "लय भारी काम केलंस रे." वहिनीला हाक मारून दाखवला. कोपऱ्यात उद्याची बॅग भरून तयार होती.

चहा आला. मी उभाच.

"बस की रे. पायात स्प्रिंग हाय काय?"

मग सांगूनच टाकलं. त्याने रॉड उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला.

"व्हय. वाकडे हायत. लाईन घासंल?"

"घासेल. मोठा मासा लागला तर तुटेल पण... मी घेऊन जातो परत. पुढच्या आठवड्यात देतो."

त्याने बॅगेकडे बघितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं मला.

"बसवलेस कशाने?"

"ग्लूने. दोरा गुंडाळायच्या आधी."

तेव्हा तो हसला. "अरे येड्या, आम्ही पाईप जोडताना थेट वेल्डिंग मारत नाय. आधी टॅक मारायचा, नुसते दोन टिपके. मग सरळ रेषेत हाय का बघायचं. वाकडं दिसलं तर टॅक तोडायचा, परत लावायचं. सरळ झालं की मग फुल वेल्डिंग. तू आधीच फुल मारून बसलास."

"पण एवढ्याशा गाईडला टॅक कशाचा मारणार?"

तो मागच्या पडवीत गेला आणि सायकलची जुनी व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन आला. बारीक रबरी नळी. मिरचीसारख्या तिच्या चकत्या कापल्या.

माझ्या बॅगेत दोऱ्याचं रीळ आणि ब्लेड होतंच. त्या दोन गाईडच्या पायावरचा दोरा मी चिरला आणि ग्लू सुटावा म्हणून गरम हवा द्यायला वहिनीचा हेअर ड्रायर मागितला. "मासे पकडायचेत का त्यांचे केस सेट करायचेत?" वहिनी म्हणाली, पण दिला.

दोन्ही गाईड निघाले. रबराच्या चकत्या टोकाकडून ओवल्या, पुढच्या दोन गाईडवरून ताणून पलीकडे नेल्या आणि पायांवर बसवल्या. गाईड पडत नव्हता, पण नखाने ढकलला की सरकत होता. दादा मागून डोळा लावून बसला. "जरा उजवीकडं... जास्त झालं... हां, बस." दोरा पायावर चढला की चकती कापून टाकायची. इतकं सोपं.

ईपॉक्सी सुकायला मात्र वेळ नव्हता. त्या दोन गाईडवर नुसता दोरा. मी म्हटलं, दादा, मोठा मासा ओढू नको. तो म्हणाला, "आधी लागू तर दे."

रविवारी दिवसभर मी घरात फेऱ्या मारत होतो. आईने दोनदा विचारलं, रिझल्ट आहे का कसला...

संध्याकाळी व्हॉइस नोट आली. मागे वारा. "जिताड्यासारखा मोठा मासा नाय लागला. दोन तांब मासे आले, बारके. दोरा सुटला नाय. चौथा मधेच जरा फिरला होता, तिथंच नखानं सरळ केला न् परत टाकली लाईन."

ग्लू असता तर तो नखाने सरळ झाला नसता. मी ती व्हॉइस नोट चार वेळा ऐकली.

मला प्रत्येक गोष्ट पक्की करून टाकायची घाई असते. दादा मात्र माझ्या कच्च्या कामाच्या भरवशावर अख्खा ऑफ खाडीवर उभा राहिला. थँक्यू रे दादा... ईपॉक्सी लावायला मी येतो, रॉड तिथेच राहू दे.