पहिला मासा तापीमायचा

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. कोसाडला आमच्या बिल्डिंगीत पाण्यावरून जुंपली की बायका जिन्यातून मलाच हाका मारतात. त्यामुळे मासेमारीच्या कचेरीतल्या साहेबाने पहिल्याच भेटीत जेव्हा विचारलं, "बेन, सुरतमध्ये गंमत म्हणून मासे धरायला जातं तरी कोण?" तेव्हा मी म्हटलं, "साहेब, ज्याला घरच्यांपासून एक रविवार सुटका हवी, तो प्रत्येक माणूस जातो." बाजूच्या टेबलावरचे दोघं फसकन हसले. साहेब हसला नाही. कागदावर मान घालून तो म्हणाला, बसा.

आमची एक होडी आहे. लहानशीच, मागे इंजिन लावलेली, मगदल्ल्याच्या बंदरात बांधलेली असते. जाळं आमच्याकडे नाही. आम्ही शौकिनांना घेऊन जातो, तापी जिथं समुद्राला मिळते तिथवर. एक दातांचे डॉक्टर येतात, एक रेल्वेतले रिटायर गृहस्थ येतात. आणि एक कापडवाले शेठ येतात, ज्यांच्या घरी लसूणसुद्धा चालत नाही! घरी सांगतात, कडोदऱ्याला कारखान्यावर चाललो. मग डोक्यावर टोपी, हातात परदेशी गळ, आणि मासा लागला की पोरासारखे ओरडतात. मासा खात नाहीत, नेतही नाहीत. ओढताना हाताला जो हिसका बसतो ना, त्याच्यासाठी येतात. असा शौक.

हे सगळं रीतसर करायचं असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. पण रीत कुठली, तेच कोणाला माहीत नाही. मासेमारीचं लायसन्स मागायला गेलो तर म्हणाले, तुम्ही माणसं नेता, प्रवाशांच्या कचेरीत जा. तिथं गेलो तर म्हणाले, हे प्रवासी जातात कुठे? म्हटलं, कुठेच नाही, दुपारी परत तिथंच उतरतात. मग हे कसले प्रवासी, मासेमारीवाल्यांकडे जा! नुसती टोलवाटोलवी. चपला झिजल्या तेव्हा कुठे परवाना हातात पडला. अटी अशा: दर फेरीआधी टोकन घ्यायचं, प्रत्येकाच्या अंगावर जाकीट, आणि परत आल्यावर रिपोर्ट. गळाला किती लागले, कुठल्या जातीचे, किनाऱ्यावर किती आणले. "गळाला लागलेला एकेक मासा लिहायचा," साहेब तेव्हा बोट नाचवून म्हणाला होता. "एक पण चुकता कामा नये."

आम्ही चुकवला नाही. सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

आमचं मूळ गाव शहाद्याकडे, तापीच्या काठावर. माझ्या सासरी पिढ्यान् पिढ्या गळ आणि जाळं. आमच्याकडे रीत आहे, फेरीतला पहिला मासा आपला नाही. तो तापीमायचा. हातात आला की त्याला हळदीचं बोट लावायचं, "माय, तुनं तुले" म्हणायचं आणि पाण्यात सोडायचा. तुझं तुला. मग पुढचे आपले. सासूबाई सुरतला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा होडीवर येऊन त्यांनी आधी पाणी चाखून बघितलं. खारट लागलं तर म्हणाल्या, "खारी व्हयनी तरी मायच शे." ज्या नदीत आमचे हे पोहायला शिकले, तीच नदी इथं सुरतला येऊन समुद्राला मिळते. आम्ही तिच्यामागोमाग आलो, एवढंच.

तर रिपोर्टात मी काय लिहिणार? गळाला लागले सात. किनाऱ्यावर आणले सहा. मधल्या एकाचं काय झालं, त्याला कागदावर दोनच चौकटी होत्या. विकला असेल तर कोणाला, आणि निसटला. दोन्ही आमच्या कामाच्या नव्हत्या. मी दोन्ही रिकाम्या ठेवायचे आणि बाजूला पेनाने लिहायचे, "एक तापीमायला दिला." दर फेरीला. आता हे आमच्याशिवाय कोण लिहील? बाकीचे होडीवाले चतुर. आणले तेवढेच लागले म्हणून लिहितात आणि घरी जाऊन झोपतात. आम्हाला साहेबाने सांगितलं होतं, एकेक मासा लिहा. आम्ही नदीचंसुद्धा नाव लिहिलं.

पावसाळ्यात समुद्र मासेमारीला बंद असतो. तो उघडायच्या आधी परवाना नवा करून घ्यायचा. मी कागद घेऊन गेले तर साहेबासमोर आमच्या वर्षभराच्या रिपोर्टांचा गठ्ठा.

"बेन, तुमचा दर फेरीला एक मासा गायब आहे."

"गायब नाही. लिहिलंय ना, तापीमायला दिला."

"तापीमायकडे मासे घ्यायचं लायसन्स आहे का?"

मला वाटलं थट्टा करतोय. नाही हो! तोंड अगदी गंभीर. वरून विचारणा आली होती म्हणे. लागलेले आणि आणलेले यांत दर वेळी फरक, म्हणजे माणूस खाडीच्या तोंडाशी दुसऱ्या होडीला चोरून मासा विकतो. तसा संशय. विकला असेल तर परवाना रद्द.

"विकायचाच तर एकच विकीन का?" मी म्हटलं. "चोर इतका अडाणी असतो का, साहेब? दर वेळी चोरी करून दर वेळी लिहून देतो?"

साहेब वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्याने आवाज खाली आणला. एक पत्र लिहून द्या, म्हणाला. मासे निसटले होते, रिपोर्ट लिहिताना आमची चूक झाली, पुढे अशी चूक होणार नाही. होडी भाईंच्या, म्हणजे आमच्या यांच्या, नावावर आहे, भाईंची सही लागेल. आजच्या आज काम होऊन जाईल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "निसटला नाही, साहेब. आम्ही सोडला. निसटतो तो ज्याला धरता येत नाही त्याचा."

"काय फरक पडतो, बेन? मासा तर पाण्यातच गेला ना!"

फरक पडतो. आता कसा पडतो, ते सांगते.

आमचे हे पांडेसऱ्याला एका डाइंग मिलमध्ये होते. रंगाच्या खात्यात. ती वाफ, ते ॲसिड, बोटांची नखं कधी निळी तर कधी लाल. घरी आले की पोरं विचारायची, पप्पा, आज कुठला रंग? मग खोकला सुरू झाला. मग जिना चढताना दम लागायला लागला. एक दिवस सुपरवायझरने बोलावून गुजरातीतला एक कागद पुढे केला. भाई, इथं सही करा, तुमच्या औषधपाण्याचं बघायचंय. यांना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. मला वाचता येतं, पण मी तिथं नव्हते. विश्वास ठेवला. सही केली. कागदावर लिहिलं होतं, मी माझ्या खुशीने राजीनामा देत आहे, माझी कशाबद्दल काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही.

कुठे कुठे नाही गेलो आम्ही! युनियनवाले, वकील, लेबरची कचेरी. सगळ्यांनी तो कागद बघितला आणि काखा वर केल्या. सही तुमचीच ना? मग झालं. एवढ्या वर्षांचं हक्काचं सगळं त्या एका सहीखाली गेलं. त्याहून वाईट काय झालं, सांगू? या माणसाने त्यानंतर मान वर करून बोलणंच सोडून दिलं. कोणी कागद पुढे केला की हात कापायचा. माहेरच्यांच्या मदतीने ही जुनी होडी घेतली तेव्हा कुठे पाण्यावर जाऊन जरा छाती भरून श्वास घेतात. डॉक्टर म्हणतात हवेमुळे. मी म्हणते, तिथं त्यांना कोणी सही मागत नाही म्हणून.

आणि आता पुन्हा एक कागद. पुन्हा जे घडलंच नाही ते घडलं म्हणून लिहायचं, आणि खाली यांची सही. मी साहेबाला स्पष्ट सांगितलं, जीव गेला तरी होणार नाही.

समुद्र उघडला. मगदल्ल्याहून एकेक होडी हार घालून, नारळ फोडून निघाली. आमची बांधलेलीच. मी कचेरीत खेटे घालत होते. वर पाठवलंय, साहेब रजेवर, उद्या या. कापडवाल्या शेठचा फोन, "बेन, क्यारे? कधी निघायचं?" सगळं सांगितलं तर म्हणे, "अरे, सही करी नाखो ने! एका मासळीसाठी एवढं काय!" मी म्हटलं, शेठ, तुम्ही घरी कडोदरा सांगता आणि इथं येता, तुमचं ठीक आहे, मला नाही जमत. बिचाऱ्यांनी फोन ठेवून दिला. लागलं त्यांना, पण मी तरी काय करू, जीभ आवरत नाही.

आणि हे? हे रोज तिन्हीसांजेला होडीशी जाऊन बसायचे. इंजिन पुसायचे. एकदा मला म्हणाले, "करी टाकू सही. कसाले झगडा करस तू?" मी काही बोलले नाही. म्हणजे मी! स्वयंपाकघरात गेले आणि भाकरी इतक्या जोरात थापल्या की खालच्या मजल्यावरची विचारायला आली. राग यांचा नव्हता. भीती वाटत होती. होडी गेली असती तर काहीतरी दुसरं केलं असतं, मी शिवणकाम करते, उपाशी मेलो नसतो. पण या माणसाने दुसऱ्यांदा तशी सही केली असती तर तो माणूस मला परत मिळाला नसता. एवढंच मला दिसत होतं.

मग साहेबाने चलाखी केली. मला नाही, यांना फोन करून बोलावलं. भाई, एकटे या, दोन मिनिटांचं काम आहे. मला कळलं ते हे शर्ट घालत होते तेव्हा. मी पदर खोचला आणि मागोमाग निघाले.

कचेरीत पत्र तयार होतं. गुजरातीत, छापलेलं, खाली सहीसाठी रेघ. साहेबाने पेन उघडून यांच्या हातात दिलं. "आवो भाई. इथं." मला म्हणाला, "बेन, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी बसणार नाही आणि बाहेर तर मुळीच जाणार नाही," मी म्हटलं. पण पुढे काही बोलले नाही. माझ्या बोलण्याने ते थांबले असते, तर ते थांबणं माझं झालं असतं. तोंड मिटून उभी राहिले. जन्मात इतकं अवघड काम मी केलं नाही.

यांचा हात कापत होता. पेनाचं टोक रेघेवर टेकलं. तिथं शाईचा एक ठिपका पडला, तो मोठा होत गेला. मग यांनी कागद उचलला आणि माझ्याकडे केला.

"आधी वाच," म्हणाले.

मी वाचलं. मोठ्याने, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं. गुजराती वाचायचं आणि लगेच आपल्या बोलीत सांगायचं. मासे निसटले. आमची चूक. पुढे होणार नाही. वाचून झालं तशी यांनी पेनाला टोपण लावलं, साहेबासमोर ठेवलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मान वर करून सरळ माणसाच्या डोळ्यांत बघितलं. साहेबाशी नेहमी गुजरातीत बोलणारा हा माणूस घरच्या अहिराणीत बोलला.

"मासा निसटना नही, साहेब. आम्ही सोडेल शे. हाई खोटं शे. सही नही करस मी."

"मग परवाना नाही मिळणार, भाई."

"तं राहू द्या."

एवढं बोलताना दम लागला त्यांना. मी हात धरायला गेले तर हात झटकला. स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेले, जिना उतरले, खाली जाऊन पायरीवर बसले आणि खोकत राहिले. मी त्यांच्या शेजारी बसून रडले. रस्त्यावरचे लोक बघत होते. बघू देत.

परवाना दिवाळीच्या तोंडावर आला. का आला, कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. हंगामाचे पहिले महिने हातचे गेले होते. साहेबाने कागद हातात देताना फक्त म्हटलं, "भाई, तुम्ही पेनाने लिहीत जा. कॉम्प्युटर घेणार नाही, पण तुमचा कागद मी फाईलला लावीन." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या आईचं गाव पण तापीकाठचंच आहे." मला म्हणायचं होतं, मग इतके दिवस काय झोपला होतात? जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. एकदा गिळायला हरकत नाही.

पहिल्या फेरीला शेठ आले. पहिलाच मासा त्यांच्या गळाला, हा एवढा जिताडा! शेठ हरखून फोटो काढायला लागले. यांनी मासा दोन्ही हातांत घेतला, हळद लावली, "माय, तुनं तुले." पाण्यात गेला तसा शेपटीने सगळ्यांना भिजवून गेला.

रिपोर्टात चौकटी आजही दोनच आहेत, विकला आणि निसटला. दर फेरीनंतर मी बाजूला पेनाने लिहिते, "एक सोडला. तापीमायला." मग कागद यांच्याकडे देते. ते आधी मला वाचायला लावतात. मी वाचते. मग ते खाली सही करतात, आणि हात कापत नाही.