शांताक्काचा डावा पाय

परंड्याच्या पेठेत शांताक्काच्या जिभेला सगळेच वचकून असत. नवरा महांतप्पा किराणा दुकानदार. गिऱ्हाइकाशी गूळ, घरात मिरची. मूल झालं नाही म्हणून तो आणि सासू नागम्मा रोज तिचा उद्धार करत, आणि तीही कुणाचं उसनं ठेवत नसे.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं होती. नवऱ्याजवळ गेली की शांताक्काला रक्त जाऊ लागलं. नागम्मानं ‘वयाचंय’ म्हणून कानाआड केलं. मग शांताक्कानं भाऊ वीरप्पाला बोलावलं आणि कुणाला न विचारता त्याच्या गाडीत जाऊन बसली. करोडगिरीच्या, म्हणजे निजामी जकातीच्या नाक्यावर शिपायानं गाठोडं उसकटलं, त्यालाही चार शब्द ऐकवून ती इंग्रजी मुलखातल्या इस्पितळात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाशी कर्करोग होता, पण अगदी सुरुवातीचा. पिशवी काढायची, शिवाय ओटीपोटातल्या दोन्ही बाजूंच्या गाठीही काढायच्या, कारण हा रोग पसरतो तो आधी तिथं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, गाठ सुजते ना, तसल्याच त्या गाठी, फक्त आत खोल असतात. ऑपरेशन झालं, गाठी तपासल्या आणि बाई म्हणाल्या, “सगळ्या स्वच्छ. रोग तिथवर गेलाच नव्हता.” मग त्यांनी बजावलं, की गाठी गेल्या, पायातलं पाणी वर जायची वाट गेली, आता पाय सुजेल. उंचावर ठेवायचा. त्याला भाजू-कापू द्यायचं नाही, पू झाला तर जिवावर बेतेल. शांताक्का भावासमोर आनंदानं ढसाढसा रडली.

घरी आल्यावर महांतप्पा भडकला. “स्वच्छ हुत्या तर कापल्या कशाला? चांगला माल काढून घेतला न् रिकामं पोतं धाडलं!”

“कापल्या म्हणून तर कळलं. तुमच्या दुकानातला ताजवा सांगणार हुता व्हय?”

पुढं डावा पाय खरंच सुजला, पार घोट्यापर्यंत. त्या घरात सुजेला एकच औषध, डाग. बैलाच्या खांद्याला डाग, माणसाच्या पोटाला डाग. महांतप्पा लहानपणी डागूनच बरा झाला होता, त्यामुळं त्याची श्रद्धा खोटी नव्हती. खोटी नसलेली श्रद्धा जास्त वाईट, तिच्याशी भांडता येत नाही. नागम्मा म्हणाली, “गाठी नेल्या, त्येंचं पाणी पायात उतारलं. डाग दिला की वाट हुईल.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच डाग देणारा सिदू आला. अंगणात निखाऱ्यावर विळा लाल होऊ लागला. शांताक्काला पळता येत नव्हतं आणि ओरडून उपयोग नव्हता. नागम्मानं तिचे खांदे धरले, तशी ती म्हणाली, “माझी लिंगपूजा राहिलीया.”

लिंगायताच्या घरात याला नाही कोण म्हणणार? तिनं अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलं आणि सुजलेला पाय पसरून बसली. लिंग हातावर असेतो बाईला कुणी शिवत नाही, हाकही मारत नाही. तिच्या ओठांवर मंत्र नव्हता. ती एकटक विळ्याकडं बघत होती.

सिदूनं पुन्हापुन्हा निखारे घातले. ऊन डोक्यावर आलं. चूल थंड, पोटात कावळे. नागम्मा करवादली, “पूजा हाय का धरणं?” शांताक्काचा हात अवघडला होता. लिंग पडलं तर पाप, आणि वर डाग. तिनं दात आवळून कोपर मांडीवर टेकलं.

शेवटी सिदू उठला. “पूजंतल्या बाईचं पाप म्या न्हाय घ्यायचा,” म्हणत तो विळा घेऊन चालता झाला.

महांतप्पा दातओठ खात म्हणाला, “ठिव ते गळ्यात. न्हाय डागत.”

“ह्याच्यावर हात ठिवून म्हणा. कदीच न्हाय.”

त्यानं हात ठेवला. बोटांत राग मावत नव्हता. शपथ घेऊन झाल्यावर फुत्कारला, “दुसरी बाईल आणतो बघ.”

“आणा की. म्या कुठं जात न्हाय. हितंच बसणार हाय, जित्ती.” तिनं लिंग गळ्यात बांधलं, दोन्ही हातांनी पाय उचलून ज्वारीच्या पोत्यावर ठेवला आणि सासूकडं वळून म्हणाली, “आत्याबाई, भुका लागल्या आस्तील. भाकरी थापा.”