एका रानाच्या चार राशी

१९४६, होळीच्या आधीचा सोमवार. मी शेणानं गव्हाचं खळं सारवत होते. एक नव्हे, चार. आबा बांधावर येऊन उभे राहिले आणि मुंडासं मागे सारून म्हणाले, "वैनी, चार खळी? घर फुटलं म्हनतील लोक."

आमच्याकडे एका रानाची एकच रास करतात. राशी वेगळ्या झाल्या की भावांची वाटणी झाली असं समजतात.

आबा गावचे पेरणारे. तुम्ही पेरणी पाहिली असेल. पाभरीच्या चाड्यात, म्हणजे नळ्यांवरच्या लाकडी वाटीत, मुठीतून बी सोडतात, आणि दाट की पातळ ते त्या मुठीवर ठरतं. नदीकाठच्या रेताडात चाळीस वर्षं आबांचीच मूठ. त्यांचं एकच म्हणणं, "रेताड बी खातं. दाट पडू द्या."

घरधनी नगरला कचेरीत, शेत माझ्याकडे. बी फुकट जातं असं मला वाटे. त्यातच उसाला घालतात ते पांढरं सल्फेट खत भावानं एक पोतं दिलं. ते साऱ्या रानाला पुरणारं नव्हतं. म्हणून मी चार पट्टे पाडले: दाट आणि पातळ, खतासह आणि खताविना.

आबांनी सल्फेट जिभेला लावून पाहिलं. "मीठच की हे! समदं एकदम देऊ नका. रेती धरायची न्हाई, पान्यासंगं नदीला जाईल." मग निम्मं पेरताना दिलं, निम्मं दुसऱ्या पाण्याला. त्यानंतर आबा रोज चक्कर मारत. उभं पीक मोजू नये अशी समजूत, म्हणून स्वतः पाठ करून उभे राहत आणि मला विचारत, "एका रोपाला किती फुटवे हायती?"

आता चार खळ्यांपुढे ते अडले होते. मापताना पहिल्या मापाला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. आबांनी बोटांवर मोजलं. "म्हंजी चार येळा लाभ! वंगाळ काय त्यात?"

मळणी झाली. मापं आबांनीच घातली. दाट आणि सल्फेटची रास सगळ्यांत मोठी. पातळ आणि सल्फेटची त्याखालोखाल. खताविना पातळ पेरलेली तिसरी. सगळ्यांत लहान खताविना दाट पेरलेली, आणि दाणा जिऱ्यासारखा बारीक. आबांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला.

मी म्हटलं, "आबा, मूठ चुकली नाही. खतासोबत दाटच सरस ठरलं."

"आन् इतकी वर्सं खत कुनी घातलं हुतं, वैनी? मी उपाशी रानात चाळीस वर्सं पंगत वाढवली."

पेरणीचा वाटा न घेताच ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राशीतून त्यांच्या वाट्याची पाटी भरून मी त्यांच्या घरी नेली. आबा नव्हते. त्यांची म्हातारी म्हणाली, "पहाटंच गेलं. ज्येच्या ज्येच्या रेताडात मूठ धरली, त्येला खताबिगर दाट पेरू नगा म्हून सांगून येतो म्हनलं. बारा वाड्या हायती. मी म्हनलं, भाकर तरी न्या, तर थांबलं न्हाईत."

मी पाटी ओट्यावर रिकामी केली, भाकर फडक्यात बांधून मागितली आणि नदीकडच्या वाटेला लागले.