सिस्टरांची बेस गिटार

कुठल्याही गावी मुक्कामाच्या खोलीत शिरलो की सिस्टर आधी कपाट वाजवून बघायच्या. बोटाच्या पेरांनी, हलकेच. मग दार, मग टेबल. "हे बोलेल," म्हणाल्या की आमचं सामान आत यायचं. "हे मुकं आहे," म्हणाल्या तरी सामान यायचंच, पण सिस्टरांचा चेहरा संध्याकाळपर्यंत उतरलेला असायचा.

त्या मोठ्या दुष्काळात तुमच्यापैकी कुणी जामखेड-कर्जतकडे असाल, तर आरोग्य खात्याची जीप तुम्हांला आठवत असेल. दुष्काळी कामांवर जाऊन मजुरांना कॉलऱ्याची लस टोचायची, हे आमचं काम. मी नवी नर्स. सिस्टर माझ्याहून बऱ्याच मोठ्या. जीप चालवायला ड्रायव्हरमामा. तिघांचीही घरं नगरला, आणि आम्ही महिना महिना बाहेर. जीपमध्ये लशीचा बर्फाचा डबा, सुया उकळायचं भांडं, स्टोव्ह, आणि या सगळ्यावर आडवी टाकलेली एक लांबलचक काळी पेटी. पेटीत बेस गिटार.

सिस्टरांच्या भावांचा नगरात ऑर्केस्ट्रा होता; थोरले दादा तो चालवायचे. लग्नं, गणपती, नाताळ, जिथं बोलावतील तिथं जायचे. मधला भाऊ फौजेत गेला आणि त्याची गिटार सिस्टरांकडे आली. "चार जाड तारा. त्यांत गाणं काही ओळखू येत नाही, म्हणून कुणाला नकोच होती," सिस्टर सांगायच्या. "दादा म्हणाला, बेबी, तू धर थोडे दिवस. धरली ती धरलीच."

एवढ्या धिप्पाड, कडक इस्त्रीतल्या सिस्टरांना घरी बेबी म्हणतात, हे कळल्यावर मामा दिवसभर स्टिअरिंगमागे गालातल्या गालात हसत होते.

अडचण अशी, की गिटार विजेची. अँप्लिफायर नगरला, आणि आम्ही जायचो त्यातल्या बहुतेक गावांत वीजच नव्हती. विजेवाचून ती नुसती पुटपुटायची. पण तिचं टोक चांगल्या लाकडाला टेकवलं की लाकूड घुमायचं. म्हणून ते कपाट. काम आटोपलं, सुया उकळून झाल्या, की उजेड असेतोवर सिस्टर स्टुलावर बसायच्या. गिटारीचं टोक कपाटाला, स्वतःचा कानही कपाटाला, आणि पायानं ताल. दारातून बघणाऱ्याला वाटावं, बाई कपाटाची कागाळी ऐकतायत.

खर्ड्याजवळच्या एका गावात आमची जीप थांबली आणि गाव बघता बघता रिकामं झालं. मामा चौकशी करून आले.

"सिस्टर, लोक म्हंत्यात, त्या पेटीत आपरेशनचं सामान हाय. समदे गडी रानात पळाले."

कुटुंबनियोजनाच्या शिबिरांचे ते दिवस होते. सिस्टरांनी पेटी उघडली आणि शाळेच्या ओट्यावर बसून गिटार वाजवायला घेतली. गावात एक म्हातारा तेवढा उरला होता. त्याला पळण्याचं कारण नव्हतं. तो जवळ आला, वाकला, कान लावला.

"बाई, ह्येचा आवाजच येत न्हाई."

"येतो, बाबा. इथं हात लावा."

त्यांनी गिटारीचं टोक शाळेच्या दाराला टेकवलं आणि म्हाताऱ्याचा तळवा दारावर ठेवला. मग तार छेडली.

"गुरगुरतंय," तो म्हणाला. "मांजरावानी." मग रानाकडे तोंड करून त्यानं हाळी दिली, "या रं, बाजा हाय नुसता."

त्या दिवशी जो तो दाराला हात लावून मगच दंड पुढे करत होता.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, इतकी प्रॅक्टिस कशासाठी? इथं ऐकतंय कोण?"

"तालमीला मी नसते ना गं. बोटं तयार नसली तर जागा जाईल. दादा माझा भाऊ आहे, पण ऑर्केस्ट्रात तो कुणाचा भाऊ नसतो."

हे खरं ठरलं. उन्हाळ्यात एके दुपारी दादा स्वतः एस.टी.नं खर्ड्याला आमच्या मुक्कामी आले. येत्या शनिवारी रात्री नगरात दुष्काळ निधीसाठी मोठा कार्यक्रम ठरला होता. त्यांना बेसवर एक कॉलेजातला मुलगा मिळाला होता, पण त्याच्याकडे वाद्य नव्हतं. बसल्यावर चहा व्हायच्या आत ते म्हणाले, "बेबी, राग मानू नकोस. गिटार न्यायला आलोय."

सिस्टर म्हणाल्या, "ने. पण आधी ऐक."

त्यांनी दादांना कपाटाशी उभं केलं. दादा कान लावून हलक्या आवाजात गाणं म्हणू लागले आणि सिस्टर वाजवू लागल्या. एक झालं, दुसरं झालं. मध्येच दादांनी मुद्दाम लय वाढवली. सिस्टर त्यांच्याबरोबर निघाल्या. मी आणि मामा दारात उभे होतो. आम्हांला ऐकू येत होते ते फक्त दादा, पण त्यांचा चेहरा आम्ही बघत होतो. कार्यक्रमातली सगळी गाणी झाली तेव्हा ते सरळ झाले. कानावर कपाटाची धूळ लागली होती.

"शनिवारी दुपारी ये," ते म्हणाले. "एक तालीम पुरे."

शनिवारी सकाळी सिस्टरांची पिशवी भरलेली होती. तेवढ्यात खडी फोडण्याच्या कामावरून मुकादम धावत आला. कामावर रात्रीपासून जुलाब-उलट्यांनी माणसं आडवी पडत होती. आम्ही गेलो. सिस्टरांनी बाजेवरच्या दोघा-तिघांची नाडी पाहिली, मग स्वतः ती काळी पेटी उचलून जीपमध्ये नीट बसवली.

"मामा, नगरहून सलाईन आणा, मिळतील तेवढ्या बाटल्या. आणि ही दादाला द्या. म्हणावं, त्या मुलाला वाजवू दे. तिसरी तार ढिली होते, तेवढं सांगा त्याला."

"सिस्टर, दुसरं कुनी न्हाई का येनार हितं?"

"येईल तेव्हा येईल. तुम्ही निघा."

पदर खोचून त्या कामाला लागल्या. मी सुया उकळायला घेतल्या. त्या साथीत एक म्हातारी गेली. बाकीची वाचली.

मामा दुसऱ्या दिवशी परतले. जीपमध्ये सलाईनची खोकी होती आणि खोक्यांवर काळी पेटी.

"दादांनी न्हाई घेतली," मामा म्हणाले. "म्हनले, पोरासाठी कुनाची तरी उसनी बघतो. हिच्याबिगर बेबी तिथं काय करंल?"

सिस्टर एका बाईच्या हातात सुई घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सावलीत ठेवा, मामा. उन्हानं लाकूड वाकतं."

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. हात गुंतलेले होते, म्हणून खांद्यानं.

त्याच वर्षी नाताळात नगरला सिस्टर ऑर्केस्ट्रात बसल्या. मी पहिल्या रांगेत होते. इतके महिने एका खोलीत काढून मी त्यांची गिटार पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकत होते. माझ्या शेजारची बाई गाणाऱ्या मुलीकडे बघत होती, तिच्या शेजारची झगमगत्या दिव्यांकडे. मी मात्र सिस्टरांच्या बोटांकडे बघत होते. ती मला पाठ होती.

पुढे आमचं पथक मोडलं. मी नेवाशाला, त्यांची बदली थेट खानदेशात. दोन-तीन वेळा निरोप आले-गेले. त्या गेल्याचं मला मामांकडून कळलं, तेही बऱ्याच उशिरा.

मला त्या दिसतात त्या नाताळातल्या. कार्यक्रम संपला, लोक गाणाऱ्या मुलीभोवती गोळा झाले, आणि सिस्टर मागच्या दारानं बाहेर पडून टांग्यात बसल्या. दादा पुढे टांगेवाल्याशेजारी. सिस्टर मागच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून, मांडीवर आडवी पेटी. टांगा हलला. मी हात केला. त्यांनी दोन्ही हातांनी पेटी धरलेली, त्यांना हात करता येईना. वळणापर्यंत त्या माझ्याकडे बघत नुसती मान हलवत राहिल्या.