लोखंड्याचे सर

खरं बोलून स्वतःचं नुकसान करून घेण्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा हात धरणारा माणूस भिगवणपासून सुप्यापर्यंत मला तरी दुसरा भेटलेला नाही. मी बारामतीच्या त्याच शाळेत चित्रकला शिकवत होतो, त्यामुळे हे नुकसान फार जवळून पाहायला मिळालं. एकदा एका लग्नात पंगतीतून फिरता फिरता यजमानांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय सर, जेवण कसं झालंय?" सरांनी तोंडातला घास नीट गिळला आणि म्हणाले, "भात थोडा कच्चा राहिलाय." यजमान म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आणि लग्न त्यांच्या मुलीचं. मी हळूच सरांच्या मांडीला चिमटा काढला, तर "चिमटा का काढताय?" हेही त्यांनी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असंच विचारलं. त्या वर्षी प्रयोगशाळेला नवीन कपाट मिळायचं होतं, ते मिळालं नाही.

त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात कायम मूठभर स्क्रू असत. रस्त्यात, बसस्टँडवर, मंगल कार्यालयात, कुठेही स्क्रू दिसला की सर वाकलेच. मनात काही चलबिचल झाली की हात आपोआप खिशात जाई आणि स्क्रू खुळखुळायला लागत. शिक्षकांच्या बैठकीत ते खुळखुळले की आम्ही समजायचो, आता हे उठून काहीतरी खरं बोलणार. अशा वेळी मुख्याध्यापक घाईघाईने चहा मागवत.

नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत यंत्रमानव आमच्याकडे फक्त गोष्टींच्या पुस्तकांत होता. सरांनी तो भंगारातून उभा केला. पोट म्हणजे गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा, डोकं म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, हात हलवायला जीपच्या वायपरच्या मोटारी, आणि सगळ्याला वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. चेहरा मी रंगवला. लांब वायरच्या टोकाला बटणांची पेटी होती. बटण दाबलं की तो मान वळवायचा, उजवा हात वर करून नमस्कार करायचा आणि चार पावलं पुढे सरकायचा. मुलांनी त्याचं नाव लोखंड्या ठेवलं. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी कौतुकाने विचारलं, "हा किती वेळ चालतो?" सर म्हणाले, "आता बंद पडेल बघा." तो खरोखरच पडला. उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रक घेऊन आम्ही परतलो आणि सर वाटेत खुशीत म्हणाले, "अंदाज मात्र बरोबर आला."

प्रदर्शनाचा हंगाम संपला की बाकीच्या शाळा आपापली यंत्रं माळ्यावर टाकत. सरांना ते पटायचं नाही. "बसवून ठेवलं की यंत्र गंजतं, आणि पोरंही," असं म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ते लोखंड्याला आणि चार मुलांना टेम्पोत घालून गावोगाव निघत. चेहऱ्याचा रंग उडाला तर लागेल म्हणून मलाही ओढून नेत. गावात गेलं की मुलं आधी पारावर सतरंजी टाकून बसत आणि लोकांच्या बंद पडलेल्या बॅटऱ्या, रेडिओ, इस्त्र्या दुरुस्त करून देत. मग ऊन कललं की लोखंड्याचा खेळ. पण खेळाआधी सर त्याच्या पाठीचं झाकण उघडून सगळ्यांना आतल्या वायरी दाखवत. "बघून घ्या. यात जादू नाही, देव नाही, भूत नाही. मोटार आहे." कुणी हळदीकुंकू घेऊन पुढे आलं की सरांचा जीव कासावीस व्हायचा. भिगवणला मासळीवाल्या एका मावशींनी विचारलं, "ह्याला मासं साफ करता येत्यात का?" सर म्हणाले, "नाही हो. तुमचा हात जे करतो ते याला सात जन्मात जमायचं नाही." मावशी इतक्या खूश झाल्या, की टेम्पो निघताना आम्हाला पिशवीभर मासळी मिळाली.

त्या चार मुलांत सुरेखा होती, कऱ्हाटीकडच्या एका वस्तीवरची. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता जिराईत शेती आणि जोडीला सुप्याच्या बाजारात घोंगड्या विकणं. लोखंड्याची पेटी तिच्याच हातात असायची, कारण त्याचं दुखणं तिला आवाजावरून कळायचं. दहावीची परीक्षा झाली आणि तिच्या वडिलांनी, गाव त्यांना तात्या म्हणे, जाहीर केलं की शिक्षण बास, आता मामाच्या घरी द्यायची. सरांच्या मनात तिला पॉलिटेक्निकला घालायचं होतं. आम्ही दोघे तीनदा वस्तीवर गेलो. तात्यांनी विचारलं, "शिकली तर नोकरी लागंल का?" सर म्हणाले, "लागेलच असं नाही." "परगावी पोर नीट ऱ्हाईल?" "ते मी कसं सांगू?" "मंग शिकवायची कशापायी?" सरांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "तिला येतं म्हणून." तात्या हसले. "मास्तर, पाना फिरवायचा म्हंजी बाप्याचं काम. तुमी शिकल्यालं हाय, तुमास्नी येतंय. पोरीचं काय, तुमी सांगता तसं बटान दाबती." परत येताना मी सरांवर चिडलो. एकदा नुसतं "लागेल नोकरी" म्हणायला काय बिघडलं असतं? सर स्क्रू खुळखुळवत चालत राहिले. लग्नाची बोलणी पुढच्या आठवड्यात व्हायची होती.

त्या सुट्टीतला शेवटचा खेळ सरांनी मुद्दाम सुरेखाच्या गावात ठेवला. देवळापुढे सगळा गाव जमला. आता, आमच्या भागात नवा ट्रॅक्टर आला की चाकापुढे नारळ फोडतात आणि नारळाचं पाणी त्याच्यावर शिंपडतात. लोखंड्या हेही यंत्रच, तेव्हा त्याचा मान चुकवून कसं चालेल? आणि पोर आपल्या गावची, म्हणून सरपंचांनी तो नारळ तिच्या बापाच्या हातात दिला. सर "अहो, थांबा, थांबा" करत पुढे येईपर्यंत तात्यांनी नारळ फोडला होता. पोरीच्या कामाला आपल्याकडून काही कमी पडू नये म्हणून त्यांनी दोन थेंब न शिंपडता अख्खी करवंटी मोठ्या मायेने लोखंड्याच्या डोक्यावर ओतली.

पातेल्याला डोळ्यांच्या दिव्यांसाठी भोकं होती. सगळं पाणी तिथून पोटात उतरलं. लोखंड्याने एकदम हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला, मान गरागरा वळवली आणि कुणी बटण दाबलेलं नसताना सरपंचांच्या दिशेने चालू लागला. सुरेखाने धावत जाऊन बॅटरीची वायर उपसली, तेव्हा तो हात वर करूनच थांबला. पोरं हसत होती, म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. तात्या हातात रिकामी करवंटी घेऊन तसेच उभे. "मास्तर, माझ्या हातनं इपरीत झालं," ते म्हणाले. "आता तुमीच बघा."

लोखंड्याचा एकेक स्क्रू सरांनी स्वतः बसवलेला. डोळे मिटून त्यांनी तो दुरुस्त केला असता. मी वाट बघत होतो, की आता ते पाठीचं झाकण उघडतील. सर जागचे हलले नाहीत. त्यांचा हात खिशात गेला, स्क्रू जोरजोरात खुळखुळले, आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मला नाही येत, तात्या."

"आँ?"

"मला यातलं काही कळत नाही. हे सगळं सुरेखा बघते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते.

सुरेखा मांडी घालून लोखंड्याच्या पाठीशी बसली. ओढणीच्या टोकाने एकेक वायर टिपली, फुंकर घातली, वायरींची टोकं सोडवली. नारळाच्या पाण्याने जोडणीच्या पितळी पट्ट्या चिकट झाल्या होत्या. तिने मागे न बघता नुसता हात पुढे केला. ज्यांना काही कळत नव्हतं त्या सरांनी काय हवंय हे न विचारता तिच्या हातावर पॉलिश पेपरचा तुकडा ठेवला. अर्धा तास झाला, तरी एकही माणूस उठून गेला नाही. शेवटी तिने बॅटरी जोडली आणि बटण दाबलं. लोखंड्याने हात खाली घेतला, मान वळवली आणि तात्यांना सावकाश नमस्कार केला.

तात्यांनी डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसलं. मग शेजारच्याला म्हणाले, "ऐकलं का? मास्तरला येत न्हाय, त्ये माज्या पोरीला येतंय." हे वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी निदान वीस जणांना ऐकवलं. पुढच्या आठवड्यातली बोलणी झाली नाहीत. निकाल लागल्यावर तात्या स्वतःच पोरीला घेऊन पॉलिटेक्निकचा फॉर्म भरायला गेले.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला तात्या खांद्यावर नवी कोरी घोंगडी टाकून आले होते. कुणी बोलावलं नसताना ते व्यासपीठावर चढले, घोंगडी सरांच्या अंगावर घातली आणि माईकसमोर उभे राहिले. "मास्तर द्येवमानूस हाय. पर खरं सांगतो, यंत्रातलं त्येंला काय बी कळत न्हाय. त्येंला येत न्हवतं, म्हनून तर माज्या पोरीला शिकावं लागलं." सगळं सभागृह हसलं. मी रागाने उठायला लागलो, तर शेजारी बसलेल्या सरांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. मग उत्तराच्या भाषणात ते म्हणाले, "तात्या म्हणतात ते खरं आहे." माईकमधून स्क्रूंचा आवाज स्पष्ट आला.

सर आता नाहीत. ते गेले तेव्हा सुरेखा पुण्याहून आली होती. एका कारखान्यात मोठ्या मशिनींवर काम करते, हाताखाली माणसं आहेत. आम्ही दोघे शाळेत जाऊन लोखंड्याला बघून आलो. मी रंगवलेला चेहरा पार उडालाय. न राहवून मी तिला त्या संध्याकाळचं विचारलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं सर. काय हवंय ते मी सांगितलंच नव्हतं, तरी त्यांनी बरोबर पॉलिश पेपर दिला."

"तात्यांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना अजून वाटतं, सरांना काही येत नव्हतं. वाटू दे."

मला राहून राहून एकच चुटपुट लागते. इतकी वर्षं शेजारी बसलो, पण खोटं बोलताना कसं वाटलं हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर त्यांनी खरं सांगितलं असतं.