साखळीचा हूक

आज चर्चला निघताना क्रूसाची साखळी घालावीशी वाटली. माझा खांदा आखडलाय, हात मानेमागे जात नाही. हूक नेहमी आमचे मिस्टर लावून द्यायचे. ते गेल्यापासून साखळी डबीतच पडून होती.

नोएडात मी एकटीच राहते. जे हवं ते देवाकडे मागते, माणसांना कशाला त्रास द्यायचा?

आज मात्र समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. "भाभीजी, ज़रा ये लगा देंगी?"

त्यांनी हूक लावला, मानेवरचे केसही नीट केले. कित्येक महिन्यांत मला कुणाचा हात लागला नव्हता. डोळे भरून आले.

"अगले संडे भी आ जाना," त्या म्हणाल्या.

सोबत दे, अशी प्रार्थना रोज करत होते. बेल मात्र कधी वाजवली नव्हती.

तुमचा हूक कोण लावून देतं?